पहिली ट्रायथलॉन बाइक: निवडायची कशी, मापायची कशी, घ्यायची कशी

२०२२च्या नोव्हेंबरात मी गोव्याला, मिरामारच्या किनाऱ्यावर, माझी पहिली हाफ आयर्नमॅन केली, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायची लांब ट्रायथलॉन शर्यत. पोहणं ठरल्याप्रमाणे झालं. ९० किलोमीटर सायकलिंग मला वाटलं होतं त्याहून लवकर संपलं. मग सायकल रॅकला अडकवून बूट घालायला वाकलो आणि पुन्हा सरळ उभा राहताना कंबर उठेना. पुढच्या २१ किलोमीटरपैकी निम्म्याहून अधिक मी चालत काढले. सराव कमी पडला नव्हता. बाइक माझ्या मापापेक्षा एक साइज मोठी होती. सवलतीत मिळत होती आणि त्या साइजचीच शिल्लक होती, म्हणून मी ती घेतली होती. "हँडल थोडं मागे घेतलं की बसेल," असं मला सांगण्यात आलं होतं आणि मला तेव्हा मापातलं काही कळत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं आणि "ट्रायथलॉनसाठी कुठली बाइक घेऊ?" असं विचारलं, की मी आधी विचारतो, "उतरल्यावर किती धावायचंय?" नुसत्या सायकलस्वाराला शर्यत संपल्यावर आडवं होता येतं. आपल्याला मांड्या, कंबर, मान शाबूत ठेवून उतरायचं असतं. हा लेख त्याच अंगाने लिहिला आहे.

१. आधी शर्यत, मग सायकल

ट्रायथलॉन म्हणजे एकच अंतर नव्हे. स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. ऑलिंपिक अंतरात १.५, ४० आणि १० किलोमीटर. हाफ आयर्नमॅनमध्ये १.९, ९० आणि २१.१. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८, १८० आणि ४२.२.

तुमची पहिली शर्यत स्प्रिंट असेल, तर माझा सल्ला ऐका: अजून बाइक घेऊच नका. घरात हायब्रिड असेल, एमटीबी म्हणजे माउंटन बाइक असेल, तिचे ब्रेक तपासा, चेनला तेल घाला. एमटीबीला जाड नक्षीचे टायर असतील तर ते काढून गुळगुळीत टायर बसवा आणि त्यावर शर्यत करा. २० किलोमीटरमध्ये महागड्या बाइकने वाचणारी मिनिटं पहिल्या वेळी कुणी मोजत नाही. पण त्या एका शर्यतीत कळेल की पोहून बाहेर आल्यावर डोकं कसं गरगरतं, ओल्या अंगाने सायकलवर बसल्यावर कुठे घासतं, आणि हा खेळ तुम्हाला पुढे करायचा आहे का. मग दुकानात जा.

हाफ आयर्नमॅन डोळ्यासमोर असेल, तर आधी कागदावर हिशेब मांडा. या अंतराला साधारणपणे सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकलिंग संपवावं लागतं आणि एकूण मुदत साडेआठ तासांची असते. तुमच्या शर्यतीच्या पुस्तिकेत नेमके आकडे बघून घ्या. पोहायला ५५ मिनिटं आणि कपडे-बूट-हेल्मेटला आठ मिनिटं गेली, तर ९० किलोमीटरसाठी ४ तास २७ मिनिटं उरतात. म्हणजे ताशी २०.२ किलोमीटर. पोहण्यातच एक तास दहा मिनिटं गेली आणि ट्रान्झिशनला, म्हणजे या कपडे-बूट बदलाला, दहा, तर ताशी २१.६ लागतील. अंगाला बसणाऱ्या साध्या रोड बाइकवर चार-पाच महिने नेटाने सराव करणाऱ्या बहुतेकांना हा वेग जमतो. वेळेत संपवण्यासाठी कार्बनची टीटी बाइक, म्हणजे टाइम ट्रायलची, एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवायची सायकल, लागत नाही, हे या आकडेमोडीतून दिसतं. दुकानात जाण्यापूर्वी स्वतःची आकडेमोड करून खिशात ठेवा.

२. रोड बाइक की टीटी बाइक?

दुकानात किंवा गोव्याच्या ट्रान्झिशनच्या जागेत जी अणकुचीदार, बाकदार हँडलची, जाड रिमची सायकल नजर खेचून घेते, ती टीटी किंवा ट्राय बाइक. तिच्यात आणि रोड बाइकमध्ये मूळ फरक बसण्याचा आहे. रोड बाइकची सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची फ्रेमची नळी, जमिनीशी साधारण ७२ ते ७४ अंशांचा कोन करते. ट्राय बाइकवर हा कोन ७६ पासून ८० अंशांपर्यंत जातो. त्यामुळे माणूस पेडलच्या जवळजवळ डोक्यावर येतो, कोपरं हँडलवरून पुढे आलेल्या दांड्यांच्या, म्हणजे एअरोबारच्या, पॅडवर टेकतात, पाठ आडवी होते आणि तरीही मांडी पोटात शिरत नाही. वारा कमी लागतो.

वाऱ्याचं महत्त्व खरंच मोठं आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३०च्या आसपास तुमच्या ताकदीचा बहुतांश भाग हवा कापण्यातच जातो, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. ताशी २८ वरून ३० वर जायचं तर नुसत्या हवेसाठी जवळजवळ २३ टक्के जास्त जोर लावावा लागतो. त्यातही हवेला अडवतं ते मुख्यतः आपलं शरीर. सायकलचा वाटा त्यामानाने लहान. १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता. साडेचोवीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने एअरोबार वापरले आणि अखेर ८ सेकंदांनी टूर जिंकली. आणि हे एअरोबार त्याच्याआधी ट्रायथलीटांनी रुळवलेले होते! आपल्या खेळाने सायकलिंगला दिलेली ही देणगी आहे, तिचा मला अभिमान वाटतो.

मग टीटी बाइकच का घेऊ नये? पहिली म्हणून नको, असं मी ठामपणे सांगतो. कारण तुम्ही शर्यत वर्षातून एक-दोन दिवस करता आणि उरलेले दिवस पुणे-सातारा रस्त्यावर, नाशिकच्या बाह्यवळणावर किंवा पामबीचवर सायकल चालवता. टीटी बाइकवर तुम्ही एअरोबारवर ओणवे असता तेव्हा ब्रेक हाताखाली नसतात. ते बाजूच्या मूळ हँडलवर असतात. उलट्या बाजूने येणारा दुचाकीस्वार, रंग न मारलेला गतिरोधक, अचानक आडवं आलेलं कुत्रं, यांपैकी कशासाठीही हात आधी तिथून उचलून इकडे आणावे लागतात. अनुभवी माणूस हे अंगवळणी पाडून घेतो. नवख्याने त्यावर शिकू नये.

शिवाय टीटी बाइक घेऊन ग्रुप राइडमध्ये कुणी जवळ येऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. घाटात ती अवघड जाते. नव्या टीटी बाइकच्या केबल बहुधा फ्रेमच्या आतून जातात, त्यामुळे बारीकसारीक दुरुस्तीलाही जाणता मेकॅनिक शोधत फिरावं लागतं. ज्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला, म्हणजे ड्राफ्टिंगला, परवानगी असते, तिथे टीटी बाइक चालतही नाही. हाफ आणि फुल आयर्नमॅनमध्ये उलट आहे: तिथे हौशी स्पर्धकांना पुढच्यापासून १२ मीटर अंतर राखावं लागतं, आणि म्हणूनच तिथे एअरोबारचा फायदा मिळतो. तो फायदा रोड बाइकला क्लिप-ऑन, म्हणजे वरून कसायचे, एअरोबार लावूनही बऱ्याच अंशी मिळवता येतो. त्याकडे पुढे येतो.

तेव्हा पहिली बाइक: अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), खाली वळलेल्या हँडलची रोड बाइक. आणि त्यातही 'एन्ड्युरन्स' घडणीची, जिचं हँडल थोडं उंच आणि जवळ असतं.

३. माप

इथे घाई करू नका. मी जे गमावलं ते इथेच.

आधी घरी पायाचं माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पायांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवून उभे राहा. पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढा. पुस्तकाची वरची कड भिंतीला काटकोनात हवी. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिलीने खूण करायला सांगा आणि जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा. तीनदा मोजा, सरासरी घ्या. पँटच्या शिवणीवरून घेतलेलं माप चालत नाही, ते नेहमी कमी येतं.

या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की पेडलच्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतच्या उंचीचा पहिला अंदाज मिळतो. पेडलचा अक्ष म्हणजे इथे पेडलची दांडी, म्हणजे क्रँक, जिथे फिरते तो मध्य, बॉटम ब्रॅकेट. माप ८० सेंटिमीटर असेल तर सीट ७०.६ वर. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहिला पाहिजे. मागून बघणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवी डुलताना दिसली, तर सीट उंच आहे.

सीटची उंची कुठल्याही फ्रेमवर जमवता येते. लांबी जमवता येत नाही, आणि दुकानात नेमकं हेच सांगितलं जात नाही. म्हणून फ्रेमवर लिहिलेला ५२, ५४, एस, एम हा आकडा बघून थांबू नका. एका कंपनीचा एम दुसरीच्या एसएवढा असू शकतो. कंपनीच्या तक्त्यात 'स्टॅक' आणि 'रीच' हे दोन आकडे शोधा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. दोन बाइकची खरी तुलना याच आकड्यांवर होते. स्टॅक भागिले रीच दीडच्या आसपास किंवा जास्त आलं, तर बाइक उठून बसण्याची आहे. १.४कडे झुकलं, तर ती शर्यतीची, ताणून बसवणारी. माझ्या त्या पहिल्या बाइकचा रीच मला हवा त्याहून जवळजवळ दोन सेंटिमीटर जास्त होता. हँडल फ्रेमला जोडणारा स्टेम आखूड केला, सीट पुढे सरकवली. त्याने हँडल हातात आलं, पण गुडघ्याची जागा बिघडली. एक दुखणं दाबायला गेलं की दुसरं वर येत होतं.

दोन साइजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेम सीटपोस्ट आणि स्टेमने वाढवता येते. मोठी फ्रेम कापता येत नाही.

ही गोष्ट बायकांसाठी जास्त कळीची आहे, म्हणून वेगळी लिहितो. माझ्या बहिणीची उंची पाच फूट एक इंच. तिला तीन दुकानांत ५० किंवा ५२ची फ्रेम दाखवली गेली, कारण लहान साइज मागवावी लागते आणि दोन-तीन महिने लागतात. तिने थांबून ४६ची मागवली. उंची कमी असेल तर चार गोष्टी बघा. ब्रेकचे लिव्हर बोटांच्या टप्प्यात आणणारा स्क्रू असतो; तो फिरवून घ्या, नाहीतर उतारावर मनगट भरून येतं. हँडलची रुंदी खांद्यांएवढी हवी. तुमच्या खांद्यांपेक्षा चार सेंटिमीटर रुंद हँडल गळ्यात नको. हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का, ते पार्किंगमध्ये तपासा. आणि फ्रेमच्या त्रिकोणात दोन पाण्याच्या बाटल्या मावतात का ते बघा. लहान फ्रेममध्ये दुसरी अनेकदा अडते. दमट हवेत ९० किलोमीटर एका बाटलीवर होत नाहीत.

सीट हा वेगळाच विषय आहे, कारण इथे मऊ म्हणजे चांगलं असा गैरसमज पक्का बसलेला असतो. फार मऊ सीटमध्ये बैठकीची हाडं रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. नागमोडी पुठ्ठ्याचा तुकडा कठीण पायरीवर ठेवून त्यावर पुढे वाकून बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे तुमच्या हाडांची रुंदी, आणि सीट त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवी. मधे फट असलेली सीट एअरोबारवर वाकणाऱ्यांना सहसा मानवते. आणखी एक: शर्यतीत आपण ट्राय सूट, म्हणजे तिन्ही टप्प्यांत अंगावर राहणारा एकच कपडा, घालतो आणि त्याचं पॅड अगदी पातळ असतं. जाड पॅडच्या शॉर्टवर सुखाची वाटलेली सीट सूटवर छळू शकते. परीक्षा सूट घालूनच घ्या.

शक्य असेल तर खरेदीच्या आधीच बाइक फिट करून घ्या. पुण्या-मुंबईत हे काम करणारे जाणकार आहेत. ते तुम्हाला हवा तसा जुळवता येणाऱ्या सांगाड्यावर बसवून तुमचा स्टॅक आणि रीच लिहून देतात, आणि तो कागद घेऊन तुम्ही दुकानात जाता. लोक बाइक घेऊन मग फिटिंगला जातात. तोवर फ्रेम चुकलेली असेल तर फिटर फक्त ठिगळ लावू शकतो.

४. गिअर, ब्रेक, टायर

गिअरच्या नावांत फार गुंतू नका. शिमानोच्या रोड गटात क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ असे चढते टप्पे आहेत. क्लॅरिस मागे आठ दातेरी चक्रांची, सोरा नऊची, टियाग्रा दहाची. १०५ पूर्वी अकराची होती, आता बाराची. सोरावर हाफ आयर्नमॅन सुखाने होते. नावापेक्षा दाते मोजा. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चक्रांचं, म्हणजे ५०-३४चं, कॉम्पॅक्ट क्रँक आणि मागे मोठं चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचं असावं. पुढे ३४ आणि मागे ३२ असताना मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या, तर सायकल ताशी साडेनऊच्या आसपास चालते. मागे २८च असेल तर त्याच फेऱ्यांना ताशी १०.९ लागतात. कात्रजच्या चढावर ताशी सुमारे १.४ किलोमीटरचा हा फरक म्हणजे मांडी जळणं आणि न जळणं. चढावर जड गिअर रेटून घेतलेल्या गुडघ्यांनी पुढे २१ किलोमीटर धावायचंय, विसरू नका. वरच्या टोकाला गिअर कमी पडेल ही काळजी सोडा: ५०-११ला मिनिटाला ९० फेऱ्यांत ताशी ५२च्या आसपास होतात.

ब्रेक डिस्कचे की रिमचे, म्हणजे चाकाच्या मध्यावरची तबकडी धरणारे की चाकाची कड धरणारे? नवीन घेत असाल तर डिस्क. कोकणातल्या किंवा लोणावळ्याच्या पावसात रिम ब्रेक उशिरा पकडतो आणि चिखलाच्या कणांनी रिम झिजते. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक गावातला मेकॅनिकही जुळवू शकतो. ऑइलचा ब्रेक हाताला हलका लागतो, पण त्याला हवा काढायची साधनं लागतात. जुनी, चांगल्या स्थितीतली रिम ब्रेकची बाइक स्वस्तात मिळत असेल तर मात्र केवळ ब्रेकसाठी नाकारू नका.

टायर २८ मिलिमीटरचे लावा. जुन्या फ्रेममध्ये २५च मावतात, तेही चालतील. पूर्वी २३चे, दगडासारखे फुगवलेले टायर वेगवान समजले जात. आपल्या रस्त्यांवर ते फक्त उसळतात. ७० किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये ६५ ते ७५ पीएसआय हवेचा दाब पुरेसा.

वजनाबद्दल एकच: माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर एक किलोने हलकी बाइक तुम्हाला चढावर सव्वा टक्का देते. सपाटीवर जवळजवळ काहीच नाही.

५. पैशांची वाटणी

किमती सारख्या बदलतात, म्हणून वाटणी सांगतो. हातात १०० रुपये असतील तर बाइकवर ७०च्या वर जाऊ नका. उरलेल्या ३०त हेल्मेट, फिटिंग, क्लीटचे (बूट पेडलला अडकवणारे) पेडल आणि बूट, दोन बाटल्यांचे पिंजरे, पायपंप, सुट्या ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पहाटेच्या सरावासाठी पुढचा-मागचा दिवा बसवायचा आहे. हेल्मेटशिवाय कुठलीच शर्यत तुम्हाला उभं करणार नाही. ट्रान्झिशनमध्ये आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात लावायचा. हा नियम मोडला की दंड होतो.

क्लीट पहिल्या दिवसापासून नकोत. साध्या पेडलवर महिनाभर चालवा, मग मैदानात गवतावर क्लीट काढ-घाल शिका. सिग्नलला थांबण्याच्या आधीच एक पाय सोडवायची सवय लागली, की रस्त्यावर या.

६. जुनी बाइक घ्यायची असेल

जुनी घेण्यात काही कमीपणा नाही. माझी दुसरी, योग्य मापाची बाइक सेकंडहँडच होती. पण उजेडात, दिवसा, सायकल स्वच्छ पुसून बघा.

चेनवर पट्टी ठेवा. एका खिळ्याच्या मध्यापासून मोजत बारा पूर्ण कड्या नेमक्या १२ इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदलायला झाली. एक अष्टमांश भरली तर मागचे दातेही गेले असं समजून तेवढे पैसे भावातून कमी करून मागा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली कट्-कट् जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, ढिला किंवा झिजलेला. क्रँक धरून आडवं हलवा, खेळ नको. चाकं फिरवून ब्रेकशी त्यांचं अंतर बघा. रिम ब्रेक असेल तर रिमच्या कडेवर बोट फिरवा. आत खोल गेली असेल तर रिम संपत आली. सीटपोस्ट प्रत्यक्ष वर-खाली करून बघा. काही सायकलींत तो वर्षानुवर्षं न हलवल्याने जाम झालेला असतो. बाइक घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवलेली असेल तर हँडलच्या टेपखाली घामाने अ‍ॅल्युमिनियम खाल्लेलं असू शकतं. टेपचं टोक उलगडून बघायला सांगा.

कार्बन फ्रेम असेल, तर मी नवख्या माणसाला थांब म्हणतो. पडल्यानंतरची आतली चीर रंगाखाली दिसत नाही, आणि ती कधी उघडेल सांगता येत नाही. ओळखीच्या माणसाची, इतिहास माहीत असलेली असेल तर वेगळी गोष्ट. बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला क्रमांक मूळ पावतीशी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

७. चाचणी

दुकानाभोवतीच्या एका फेरीतून काही कळत नाही. अर्धा तास मागा. सकाळी जा, सायकलिंगचे कपडे घालून जा, सीट तुमच्या आकड्यावर लावून घ्या. चढ, वळण, जोराचा ब्रेक, खराब रस्त्याचा तुकडा, सगळं घ्या. हात ब्रेकच्या हुडवर, म्हणजे लिव्हरच्या रबरी मुठींवर, ठेवून कोपरं किंचित वाकलेली राहतात का? मान न ताणता शंभर मीटर पुढचं दिसतं का? दहा मिनिटांनी बोटांना मुंग्या येतात का? आल्या, तर तुमचा भार हातांवर पडतोय आणि बाइक लांब आहे.

मग उतरा आणि लगेच, न थांबता, दोन-तीनशे मीटर धावा. लोक बघतील, बघू देत. पहिली पन्नास पावलं पाय जड वाटणारच, ते सगळ्यांचे वाटतात. पण कंबर धरली, मांडीचा पुढचा भाग आखडला, पाठ सरळ होईना, तर ही बाइक सोडा. बाइक आल्यावर हीच परीक्षा मोठी करा: ४० किलोमीटर सायकल आणि लगोलग ५ किलोमीटर धावणं. आमच्याकडे याला ब्रिक म्हणतात. मी आता कुणाचंही फिटिंग ब्रिक केल्याशिवाय पक्कं झालं असं मानत नाही.

८. एअरोबार कधी?

बाइकवर किमान तीन महिने झाल्यावर, एका हाताने बाटली काढून सरळ रेषेत चालवता आल्यावर. आपल्या हँडलचा मधला भाग ३१.८ मिलिमीटरचा आहे का ते बघा. हँडल कार्बनचं असेल तर त्यावर एअरोबार कसायला कंपनीची परवानगी आहे का ते तपासा; नसेल तर ते चिरडू शकतं.

रोड बाइकवर एअरोबार लावले की माणूस लांब ताणला जातो. म्हणून आखूड बार घ्या, सीट थोडी पुढे आणि किंचित वर करा. कोपरं खांद्यांच्या जवळजवळ खाली यायला हवीत. पॅड सुरुवातीला उंच ठेवा. जेवढं खाली तेवढं वेगवान, हे खरं तेव्हाच, जेव्हा तुम्ही तीन तास तिथे टिकू शकता. दर दहा मिनिटांनी उठून बसणाऱ्यापेक्षा चार सेंटिमीटर उंच पण स्थिर बसलेला माणूस लवकर पोचतो आणि नंतर धावतोही.

सराव पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, एकट्याने. ग्रुपमध्ये, वाहतुकीत, उतारावर हात ब्रेकवर. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

९. पहिला महिना

नव्या बाइकच्या केबल पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये बसतात आणि गिअर कडकडू लागतात. बाइक बिघडली असं समजू नका. दुकानात नेऊन पहिली सर्व्हिस करून घ्या आणि सगळे बोल्ट कसून घ्या. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहेत ना बघा. ती नसतील तर तपासणीत बाइक अडवतात, कारण उघडं नळकांडं पडल्यावर शरीरात घुसतं. पंक्चर काढायला घरी शिका, विशेषतः मागच्या चाकाचं. दहा मिनिटांत जमेपर्यंत करत राहा. डावं पेडल उलट आट्यांचं असतं. गोव्याला नेताना पेडल काढावी लागतील तेव्हा हे आठवेल. ऑइलचा डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवा, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात.

आणि ब्रिक जमून बसणं पक्कं झालं, की त्याच दिवशी सीटपोस्टवर फ्रेमच्या कडेला इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या. सीटच्या दांड्यांवर आणि स्टेमवरही मार्करने खुणा करा, फोटो काढून ठेवा. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बाइक पुन्हा जोडताना तुम्ही थकलेले आणि धास्तावलेले असाल. तेव्हा तो टेप तुम्हाला नेमक्या मिलिमीटरवर परत आणतो.